पुराचं पाणी आणि हौशी वार्ताहर

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई आमच्या गल्लीत यायला लागली आणि पेपरवाला यायचा बंद झाला. मग घरोघरचे हौशी वार्ताहर कामाला लागले. माझ्या मोबाईलवर आयर्विन पुलाचं पाणी तासाभरात ५५ फूट, ६५ फूट आणि "धरण फुटलं" इतकं चढलं. "तांदळाचं पोतं माडीवर न्या!" ही ओरडली. नेलं. पाणी ५७ फुटांच्या जरा पुढं जाऊन थांबलं. माझी कंबर अजून थांबायची आहे.

आता, बोळात पाणी किती हे शेजारच्या पोरालाच आधी कळणार, हे कबूल. पण चुकलं की तो मजकूर पुसून चहाला जातो. पेपरवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव १८६७ च्या कायद्यापासून छापावं लागतं. भांडायला निदान दार तरी सापडतं.

पूर ओसरला, पेपर आला. पहिल्या पानावर त्याच पोरानं गच्चीवरून काढलेला फोटो! खाली नाव नाही. धरण फुटलं नव्हतं, हेही कुठं नाही. पोरगा मात्र अंक घरोघर दाखवत हिंडत होता.

"पैसे मिळाले का रे?"

"काका, पेपरात आलंय की!"