सेटलमेंट रिपोर्ट वाचताना: शिपिंगचा खर्च नेमका कुठे असतो?

ऑनलाइन विक्रेत्यांवर काम करायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हाला सांगणार, "डेटाची काळजी करू नकोस. विक्रेत्याकडून सेटलमेंट रिपोर्टची एक्सेल फाइल घे, सगळं तयार असतं त्यात." मलाही असंच सांगितलं होतं. आणि फाइल उघडल्यावर खरंच तसं वाटतं. प्रत्येक ऑर्डरची ओळ, कमिशनचा कॉलम, शिपिंगचा कॉलम, जीएसटीचा कॉलम, शेवटी बँकेत जमा झालेली रक्कम. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा हे किती स्वच्छ!

या स्वच्छतेबद्दलच माझी तक्रार आहे. सेटलमेंट रिपोर्ट हा चांगला दस्तऐवज आहे, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो तुमचा प्रश्न नाही. "या हप्त्यात प्लॅटफॉर्मने विक्रेत्याला किती पैसे दिले आणि का?" एवढंच तो सांगतो. "एक चादर गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला विक्रेत्याला किती खर्च आला?" हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नाही.

माझी चूक आधी सांगतो. सोलापुरात चादरी आणि टॉवेल विकणाऱ्या एका ताईंकडून मी तीन महिन्यांचे रिपोर्ट घेतले. शिपिंगच्या कॉलमची बेरीज केली, ऑर्डरींच्या संख्येने भागलं, सरासरी काढली आणि मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला गेलो. म्हटलं, ताई, तुम्ही फायद्यात आहात. त्यांनी कागद पाहिला, परत दिला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे ओ दादा, पण माडीवरचा ढीग कुठं आहे ह्यात?" माडीवर परत आलेल्या पार्सलांचा ढीग होता. काही न उघडलेली, काही उघडून पुन्हा कशीतरी कोंबलेली, दोन-तीन चादरींना तर डाग.

त्यांचे आकडे मी इथे देणार नाही, गोल आकडे घेऊ. समजा १०० पार्सलं निघाली. प्रत्येकी शिपिंग ८० रुपये, म्हणजे ८,००० रुपये. त्यातली २० परत आली आणि परतीचे प्रत्येकी ९५ रुपये लागले: १,९०० रुपये. पिशवी, टेप, लेबल मिळून पार्सलमागे १४ रुपये: १,४०० रुपये. परत आलेल्यांपैकी ४ चादरी विकण्यासारख्या राहिल्या नाहीत, एकीची किंमत ३५० रुपये: आणखी १,४००. एकूण १२,७०० रुपये. आता भागायचं कशाने? १०० ने नाही. पैसे देणारी गिऱ्हाइकं ८० च आहेत. १२,७०० भागिले ८० म्हणजे १५८ रुपये ७५ पैसे. माझ्या सरासरीत हाच खर्च ८० रुपये होता. मालाची किंमत आणि कमिशन गेल्यावर एका चादरीमागे १४० रुपये उरत असतील, तर माझ्या कागदावर ६० रुपये नफा आणि माडीवर जवळपास १९ रुपये तोटा. म्हणजे विकायचं की थांबवायचं याचंच उत्तर बदललं. मी त्यांना "चालू ठेवा" म्हणून सांगून आलो होतो.

इथे चूक गणिताची नव्हती, एककाची होती. रिपोर्टमधली ओळ 'ऑर्डर' असते, म्हणून आपण ऑर्डर हेच विश्लेषणाचं एकक धरून बसतो. सिनॉप्सिस लिहिताना 'युनिट ऑफ अ‍ॅनालिसिस' ही ओळ आपण किती घाईत भरतो, आठवा.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि माझ्या मते हीच जास्त फसवी आहे. रिपोर्ट पैशाच्या तारखेने चालतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलेली ऑर्डर नोव्हेंबरच्या हप्त्यात येऊ शकते, तिचं रिटर्न त्याच्याही पुढच्या हप्त्यात, आणि वजनावरून वाद झाला तर त्याची वजावट किंवा भरपाई आणखी नंतर. तुम्ही महिन्यावार बेरीज केलीत की या महिन्याच्या परतीचा खर्च या महिन्याच्या ऑर्डरींवर पडतो, जरी त्या ऑर्डरी मागच्या महिन्याच्या असल्या तरी. दिवाळीच्या सेलचं बघा. सेलच्या महिन्यात विक्री भरपूर आणि रिटर्न अजून वाटेत, म्हणून महिना झकास दिसतो. पुढच्या महिन्यात विक्री थंड आणि सेलचे रिटर्न दारात, म्हणून तो महिना भिकार दिसतो. मग प्रबंधात वाक्य येतं, 'सणासुदीच्या काळात विक्रेत्यांची नफाक्षमता वाढते'. वाढते की नाही हे या आकड्यांवरून कळतच नाही. एका पंधरवड्यात निघालेल्या ऑर्डरींची तुकडी धरायची आणि त्यातली प्रत्येक ऑर्डर एकतर पोचून परतीची मुदत संपेपर्यंत किंवा परत येऊन हिशेब मिटेपर्यंत तिच्या मागे जायचं, हाच मार्ग. कंटाळवाणा आहे, दोन-तीन महिने जातात. पण ऑर्डर आयडी प्रत्येक ओळीत असतो, त्यामुळे अशक्य नाही.

तिसरं, वजावट म्हणजे खर्च नव्हे. ही चूक कॉमर्सच्या विद्यार्थ्यांकडूनही होते म्हणून जरा थांबतो. जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खाली प्लॅटफॉर्म टीसीएस कापतो. ते आधी १ टक्का होतं, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के झालं. आयकराचं टीडीएस, १९६१ च्या कायद्यातलं कलम १९४-ओ, तेही १ टक्का होतं, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के. हे दोन्ही पैसे विक्रेत्याचेच आहेत, त्याच्या नावावर सरकारकडे जमा होतात आणि कराच्या हिशेबात त्याला मिळतात. अडकून पडतात हे खरं, खेळत्या भांडवलावर ताण येतो हेही खरं, पण तो खर्च नाही. आता कल्पना करा, तुमचा अभ्यास २०२३ ते २०२५ असा आहे आणि तुम्ही 'एकूण वजावट' हा एकच चल घेतलाय. २०२४ च्या मध्यावर आलेख खाली येईल आणि तुम्ही लिहाल की प्लॅटफॉर्मवर विकणं स्वस्त झालं. प्लॅटफॉर्मने मात्र एक रुपयाही कमी केलेला नसेल.

शिपिंग आणि कमिशनवरच्या १८ टक्के जीएसटीचं उलट आहे. नियमित नोंदणी असलेल्या विक्रेत्याला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून तो खर्च नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान, बिननोंदणीच्या विक्रेत्यांना आणि कंपोझिशनवाल्यांनाही प्लॅटफॉर्मवर माल विकायची मुभा आली. त्यांना क्रेडिट नाही, म्हणून त्यांच्यासाठी तोच १८ टक्के पूर्ण खर्च. म्हणजे दोन विक्रेत्यांच्या फाइलमध्ये एकच आकडा आणि त्याचा अर्थ दोन. तुमच्या प्रश्नावलीत 'नोंदणीचा प्रकार' हा रकाना नसेल तर नमुना कितीही मोठा घ्या, काही उपयोग नाही.

वजनाचं प्रकरण तर वेगळ्या पोस्टचं आहे, पण थोडक्यात. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त ते धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी ५,००० ने भागायचं. घडी घालून दाबून बांधलेली चादर ४० बाय ३० बाय १२ असेल तर २.८८ किलो, म्हणजे ३ किलोच्या टप्प्यात. तीच सैल बांधली, उंची १५ झाली, तर ३.६ किलो, म्हणजे ४ च्या टप्प्यात. काट्यावर दोन्ही वेळा २.२ किलोच. रिपोर्ट फक्त लावलेला टप्पा दाखवतो, तो का लागला ते दाखवत नाही. ज्याला हे समजलंय तो विक्रेता पार्सलवर टेपमाप ठेवून फोटो काढून ठेवतो. ते फोटो मागा. मी मागितले नव्हते, कारण फोटो हा 'डेटा' असतो असं मला वाटलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग रिपोर्ट सोडून प्रश्नावलीच बरी. नाही हो. 'तुमचा प्रति ऑर्डर सरासरी शिपिंग खर्च किती? अ) ५० पर्यंत, ब) ५१ ते १००, क) १०० च्या वर' हा प्रश्न तुम्ही कुठल्या ना कुठल्या प्रबंधाच्या परिशिष्टात पाहिला असेल. विक्रेता याचं उत्तर कुठून देणार? तोच रिपोर्ट बघून किंवा दरपत्रक आठवून. म्हणजे तीच चूक, फक्त आता तिला काय-वर्गाची चाचणी लावलेली.

या सगळ्याची एक जुनी वंशावळ आहे. एच. थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांचं 'रेलेव्हन्स लॉस्ट' हे १९८७ चं पुस्तक लिटरेचर रिव्ह्यूत नुसतं नावापुरतं येतं. त्याचा मुद्दा साधा होता: कंपन्यांचे हिशेब बाहेरच्या वाचकांसाठी, आर्थिक अहवालांसाठी रचले जाऊ लागले आणि आत निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हातात त्यातलं कामाचं काही उरलं नाही. ते अमेरिकी कारखान्यांबद्दल बोलत होते. पण एक फरक बघा. तिथे हिशेब निदान कंपनीचा स्वतःचा होता. इथे सोलापूरच्या विक्रेत्याचा खर्चाचा हिशेब दुसरीच कंपनी लिहिते, तिच्या सोयीच्या ओळींत, आणि आपण संशोधक तोच विक्रेत्याचा हिशेब म्हणून वापरतो. मला हा फरक पुस्तकातल्या मुद्द्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

त्या ताईंकडे एक वही होती. ऑर्डरचे शेवटचे चार आकडे, 'गेलं', 'आलं', आणि आलेलं असेल तर त्यापुढे 'चांगलं' किंवा 'खराब'. माझ्या तुकडीच्या हिशेबाला जे जे लागत होतं ते निम्मं त्या वहीत होतं, आणि मी दोनदा त्यांच्या घरी जाऊनही ती मागितली नव्हती. पण म्हणून वहीला डोक्यावर घेऊ नका. वहीत कमिशन नाही, वजनाचा टप्पा नाही, आणि दिवाळीच्या धांदलीतले अकरा दिवस कोरे आहेत. वही आणि रिपोर्ट ऑर्डरच्या आकड्यांवरून एकमेकांना जोडून पाहिले तेव्हा दोन्हींतल्या चुका दिसल्या. 'आलं' म्हणून वहीत नोंदलेलं एक पार्सल रिपोर्टमध्ये अजून वाटेतच होतं. त्याउलटही सापडलं: रिपोर्टप्रमाणे परत मिळालेली दोन पार्सलं माडीवर नव्हतीच. त्यांनी दावा टाकला, पण दाव्याची मुदत उलटून गेली होती.

तर व्हायवात "डेटा सोर्स काय?" विचारलं की नुसतं 'सेकंडरी डेटा, सेटलमेंट रिपोर्ट' म्हणून पुढे जाऊ नका. कोणत्या तारखेचं दरपत्रक लागू होतं, तुकडी कोणत्या दिवशी बंद केली, कोणत्या ओळी खर्च धरल्या आणि कोणत्या नाही, हे पद्धतीच्या प्रकरणात एका पानावर लिहा. दरपत्रकं बदलतात आणि जुनी सहज सापडत नाहीत, म्हणून फाइल घ्याल त्याच दिवशी त्या दिवसाचं दरपत्रकही सेव्ह करा.

एक गोष्ट मला अजून सोडवता आलेली नाही. पॅकिंग त्या ताई आणि त्यांच्या सासूबाई मिळून करतात, रात्री जेवणं झाल्यावर. ताईंना विचारलं की ह्याचे किती धरू, तर म्हणाल्या, "घरचंच काम आहे, त्याचे काय धरायचे." गाईड म्हणतात बाजारभावाने मजुरी लावा. लावली तर जवळजवळ सगळाच माल तोट्यात जातो. सध्या माझ्या तक्त्यात दोन कॉलम आहेत, एक मजुरीसह आणि एक मजुरीविना, आणि प्रकरणाचा निष्कर्ष कोणत्या कॉलमवर लिहायचा ते ठरत नाही.