माती खाणारे झाड

पोंभुर्ण्याला नववीच्या वर्गात प्रकाशसंश्लेषणाचा धडा चालू असताना एका मुलाने विचारले, "सर, एकच झाड सगळी पृथ्वी शोषून घेऊ शकते का?" प्रश्न पाठ्यपुस्तकातला नव्हता. मोबाइलवर पाहिलेल्या एका जपानी चित्रपटातून तो आला होता. संध्याकाळी मीही तो चित्रपट पाहिला.

अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा 1984 मध्ये जपानी साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यावरून दूरचित्रवाणी मालिका निघाल्या, वीसहून अधिक चित्रपट निघाले. 2024 साली तोरियामा वारले, तरी मुलांच्या तोंडी गोकूचे नाव आहेच. 'द ट्री ऑफ माइट' हा यांपैकी 1990 सालचा, जेमतेम तासाभराचा चित्रपट. टर्लस नावाचा परग्रहावरचा योद्धा पृथ्वीवर एक बी पेरतो. झाड बघता बघता आभाळाला भिडते, मुळे पृथ्वीच्या पोटात शिरतात, नद्या आटतात, रान वाळते. पृथ्वीचे सगळे सत्त्व फळांत उतरते. फळ खाणाऱ्याच्या अंगी अचाट बळ येते. मग हाणामारी. ती पुष्कळ आहे आणि बरीचशी एकसारखी आहे. (गंमत म्हणजे टर्लस हे नाव लेट्यूस या भाजीच्या जपानी नावातील अक्षरे उलटीसुलटी करून केलेले आहे. भाजीच्या नावाच्या माणसाने झाड लावावे हे ठीकच!)

तरीही चित्रपट मला टाकाऊ वाटला नाही. त्यात बळ फुकट मिळत नाही. फळात जे आले ते कुठून तरी गेले आहे, हे दिग्दर्शक दाइसुके निशिओ डोळ्यांना दाखवतात. सगळ्या सजीवांकडून थोडी थोडी शक्ती घेऊन गोकू एक गोळा तयार करतो, पण पृथ्वीच निःसत्त्व झालेली असल्याने पहिला प्रयत्न फसतो. शेवटी तो त्या झाडाकडूनच शक्ती परत घेतो. जमाखर्चाची ही जाण मारामारीच्या चित्रपटात सहसा आढळत नाही.

चुकले आहे ते जमेचे खाते. झाड माती खाऊन वाढते, हीच समजूत आपल्या बहुतेक मुलांची असते, आणि जंगलाच्या कडेला राहणारी मुलेही तिला अपवाद नाहीत. व्हॅन हेल्मोंटने कुंडीत 200 पौंड कोरडी माती घेऊन 5 पौंडांचे विलोचे रोप लावले. 5 वर्षांनी झाड 169 पौंडांचे झाले. माती घटली ती जेमतेम 2 औंस. हे 1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आले. सगळे झाड पाण्याचे झाले असे त्याने ठरवले, आणि तो अर्धाच बरोबर होता. उरलेला हिशोब हवेत होता, तो पुढे इंगेनहाउझ, सेनेबिए आणि द सोस्यूर यांनी लावला.

वर्गात आम्ही हा हिशोब बांबूवर केला. 1 किलो वाळक्या बांबूत सुमारे अर्धा किलो कार्बन असतो. तेवढ्यासाठी 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. 1 घनमीटर हवेत तो पाऊण ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे किलोभर बांबूमागे सुमारे 2,400 घनमीटर हवा, आमच्या वर्गासारख्या सोळा-सतरा खोल्या भरतील इतकी! पृथ्वीवरच्या सर्व जिवंत वनस्पतींत साधारण 450 अब्ज टन कार्बन आहे. हवेत त्याच्या दुपटीहून थोडा कमी. चित्रपटातले झाड खरेच तेवढे वाढले असते, तर त्याने आधी आकाश रिकामे केले असते. मातीतून जाते ते पाणी, आणि नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश यांच्यासारखी थोडीथोडकी द्रव्ये. ती थोडी असली तरी त्यांच्यावाचून झाडाचे चालत नाही. किलोभर वाळके लाकूड पटांगणात जाळून मागे उरलेली राख तोलावी. बहुधा ती 10 ते 30 ग्रॅम भरेल.

झपाट्याने वाढण्याची गोष्ट मात्र अगदीच थाप नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वास्ते फुटतात आणि मानवेल बांबूचा कोंब एकाच हंगामात आपली पूर्ण उंची गाठतो. पण ती वाढ बेटातल्या जुन्या बांबूंनी जमिनीखालच्या खोडात साठवलेल्या अन्नावर होते. आणि सगळे सत्त्व फळांत ओतणे म्हणाल, तर तेही मानवेल करतो: कित्येक दशकांनी एकदाच फुलतो, बी धरतो आणि बेटच्या बेट वाळून जाते. मुलाच्या प्रश्नाला माझे उत्तर बांबूच्या बेटापाशी येऊन थांबले. शोषले जाते ते झाडाचे स्वतःचे अंग.

मला सर्वांत खटकला तो सुरुवातीचा प्रसंग. टर्लसच्या यानामुळे रानाला वणवा लागतो. मंडळी आग विझवतात, मग सात गोळे जमवून ड्रॅगनला साकडे घालतात आणि रान प्राण्यांसकट पूर्ववत होते. शेवटीही पृथ्वी अशीच झटपट हिरवी होते. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचता यावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि कधी ती आग पुढे सरकत जाते. पाल्यातला बराचसा नायट्रोजन धुरावाटे निघून जातो, राखेतली द्रव्ये पहिल्या पावसात वाहून जातात आणि कोवळी रोपे मरतात ती वेगळीच. मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर पाला न पेटवताही फुले गोळा होतात. हे वर्गात सांगितले तेव्हा दोन-तीन मुलांनी मान खाली घातली. त्यांच्या घरी आदल्याच आठवड्यात पाला पेटवला होता.