शंभर टक्के निकालाचा छेद

दहावीचा निकाल लागला की धाराशिव, कळंब, तुळजापूर, उमरगा, कुठेही जा, चौकाचौकांत फलक लागलेले दिसतात : ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’. फलकावर मुलांची छायाचित्रे असतात. संस्थाचालकांची त्याहून मोठी असतात. टक्केवारी हा एक अपूर्णांक आहे. अंश वाढवून तो जसा वाढतो तसा छेद लहान करूनही वाढतो, हे आपण सहावीच्या मुलांना शिकवतो. फलक अंशाबद्दल सारे काही सांगतो. छेदातून कोण वगळले गेले, याबद्दल तो गप्प असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गावात दोन शाळा आहेत आणि दोन्हींत शिकवणे सारखेच चांगले आहे. दहावीला प्रत्येकी ५० मुले. त्यांपैकी प्रत्येकी ४ मुलांना ऐकण्याची, पाहण्याची किंवा वाचनाची काही अडचण आहे. उरलेली ४६ उत्तीर्ण होतात आणि या चारांपैकी दोन. दोन्ही शाळांचा निकाल ९६ टक्के. आता पहिल्या शाळेने आपली चार मुले ‘तुमच्या मुलाला इथे झेपणार नाही’ असे सांगून दुसरीकडे पाठवली. पहिलीचा निकाल १०० टक्के होतो, दुसरीचा ५४ पैकी ५० म्हणजे ९२.६. कोणत्याही शिक्षकाने एक तासही कमी-जास्त शिकवलेले नाही, गावात एकही मूल जास्त शिकलेले नाही, पण पुढच्या जूनमध्ये पालकांची रांग कुठे लागेल ते सांगायला नको. प्रयोगशाळेत कोणी नको असलेली निरीक्षणे वहीतून खोडून आलेख सरळ केला, तर आपण त्याला लबाडी म्हणतो.

मूल बाहेर पाठवण्यासाठी नेहमी नकारच द्यावा लागतो असे नाही. नववीत कच्च्या ठरलेल्या मुलाच्या पालकांना ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ हा सल्ला कसा दिला जातो, हे शिक्षक वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. मूल खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसते आणि शाळेच्या छेदातून अलगद निघून जाते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत १९९१ साली मिनेसोटा राज्याने ‘चार्टर’ शाळांचा पहिला कायदा केला. पैसा सरकारचा आणि व्यवस्थापन स्वतंत्र, अशा या शाळा. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांचे तेथील हक्क कायद्याने इतर सरकारी शाळांइतकेच आहेत. तरीही अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ साली दाखवले, की २००९-१० मध्ये नेहमीच्या सरकारी शाळांत अपंगत्व असलेली मुले सुमारे ११ टक्के होती, तर चार्टर शाळांत सुमारे ८ टक्के. हा फरक नकारामुळेच पडला असे त्या अहवालाने म्हटलेले नाही; पालकांची निवड हेही एक कारण असू शकते. पण अशा दोन गटांचे निकाल शेजारी ठेवून ‘कोण चांगले शिकवते’ हे ठरवता येणार नाही, एवढे नक्की.

शिक्षकांचा पगार सरकारचा आणि कारभार संस्थेचा, ही रचना आपल्या अनुदानित शाळांत कितीतरी जुनी आहे. त्यात २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांची भर पडली. यांची जबाबदारी काय? शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई आहे. विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागांच्या वंचित गटात २०१२ च्या दुरुस्तीने अपंगत्व असलेली मुले आली, आणि या गटाला उत्पन्नाची अट नाही. (हे अनेक पालकांना ठाऊक नसते, शिक्षकांनी सांगावे.) एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम राज्याने २०२४ च्या फेब्रुवारीत केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणखी पुढे जातो. ६ ते १८ वयाच्या, लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड मुलाची आहे. ‘याला विशेष शाळेत घाला’ असे म्हणणारे मुख्याध्यापक ती निवड स्वतःकडे घेतात. परंडा किंवा भूम तालुक्यातल्या वाडीवरच्या मुलासाठी त्या वाक्याचा अर्थ बहुधा वसतिगृह, नाहीतर घर, एवढाच होतो.

मात्र सारा दोष संस्थांवर टाकून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. याच कायद्याचे १६ वे कलम मान्यताप्राप्त शाळांनी काय करावे ते तपशिलाने सांगते, पण सुरुवात ‘शासन प्रयत्न करील’ अशा ढिल्या क्रियापदाने होते. खासगी शाळेला मिळणारी शुल्कप्रतिपूर्ती प्रत्येक मुलामागे सारखीच. ज्या मुलासाठी जास्त खर्च येतो त्याच्यासाठी जास्त नाही. सर्वसाधारण शाळा शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभागाकडे, आणि मूल दोहोंच्या मध्ये. प्राथमिकला १० मुलांमागे व त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली घालून दिले. मार्च २०२५ मध्ये पदे जाहीर करा असे राज्यांना पुन्हा सांगावे लागले, यातच काय ते आले.

प्रमाणपत्राचे कोडे तर पाहण्यासारखे आहे. २५ टक्क्यांच्या प्रवेशासाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. पहिलीतले मूल सहा वर्षांचे. वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमतेचा दाखला २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार आठव्या वर्षापासून मिळतो. म्हणजे ज्या मुलाला या तरतुदीचा आधार हवा, त्याच्याकडे दाखला असणेच शक्य नाही! अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे हे मात्र त्याच १६ व्या कलमाने शाळांच्या यादीत घातले आहे. दाखला आठव्या वर्षी. ओळख पहिलीतल्या बाईंनी करायची.

‘आमच्याकडे सोयी नाहीत’ हे उत्तर सर्वत्र मिळते. विशेष शिक्षक, रॅम्प, ब्रेल पुस्तके यांना पैसा लागतो हे खरे. पण सर्वच सोयी पैशाच्या नसतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. शिक्षकापासून एक मीटरवरच्या मुलाच्या तुलनेत चार मीटरवरच्या मुलाला १२ डेसिबल कमी मिळतात. वर्गात भिंतींवरून काही आवाज परत येतो, पण तो शब्द पुसट करणाराही असतो. कान फुटून वारंवार वाहणाऱ्या मुलाला शेवटच्या बाकावर बसवले आणि पत्र्यावर पाऊस सुरू झाला, की त्याच्यासाठी तास संपला. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की ओठ वाचण्याचाही मार्ग बंद. अशा मुलाची नोंद ‘लक्ष देत नाही’ अशी होते. त्याला पुढे बसवणे आणि वर्गाकडे तोंड करून बोलणे, यासाठी कोणत्या अनुदानाची वाट पाहायची?

शेवटी पुन्हा आकड्यांकडे. विशेष गरजा असलेली मुले किती, हा रकाना प्रत्येक शाळा दरवर्षी ‘यू-डायस’ माहितीत भरते. २०११ च्या जनगणनेत देशात सर्व वयांचे मिळून २.२१ टक्के लोकांना अपंगत्व होते, आणि तेही आठच प्रकार मोजून. २०१६ च्या कायद्यात प्रकार २१ आहेत. मुलांत प्रमाण कमी असते म्हणून दीडच टक्का धरू. तरी ५०० मुलांच्या शाळेत सात-आठ मुले निघायला हवीत. केवळ योगायोगाने तेथे शून्य येण्याची शक्यता जवळजवळ दोन हजारांत एक. धाराशिव जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि अशा यादीतल्या जिल्ह्याचे आकडे वारंवार तपासले जातात. शिक्षण कार्यालयाने मोठ्या शाळांपैकी कोणकोणत्या शाळांनी या रकान्यात शून्य लिहिले, एवढीच एक यादी काढावी, आणि ती निकालाच्या टक्केवारीशेजारी ठेवून जाहीर करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे सर्वेक्षणही लागत नाही.