फुकटच्या श्रमाचे तत्त्वज्ञान

एरिक रेमंड यांच्या 'द कॅथीड्रल अँड द बझार' (१९९९) या पुस्तकाला ओपन सोर्स चळवळीत जवळजवळ पोथीचे स्थान मिळाले आहे. कोणीही यावे, सोर्स कोड वाचावा, त्यातील दोष काढून सुधारलेला तुकडा, म्हणजे पॅच, परत द्यावा; मोजक्या जाणत्यांनी बंद दाराआड बांधलेल्या कॅथीड्रलपेक्षा हा गजबजलेला बाजारच चांगले सॉफ्टवेअर निर्माण करतो, हा त्याचा सिद्धांत. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. लिनक्स त्याची साक्ष आहे. पण दिलेला पॅच घ्यायचा की फेकायचा, हे ठरवतो कोण?

याचे उत्तर 'होमस्टेडिंग द नूस्फिअर' (१९९८) या लेखात शोधावे लागते. रेमंड यांच्या मते प्रकल्पाची मालकी तीन वाटांनी येते: तो प्रथम सुरू करून, आधीच्या मालकाने सोपवल्यामुळे, किंवा बेवारस पडलेला हाती घेऊन. आधाराला जॉन लॉकचा जमीनविषयक सिद्धांत आणि अमेरिकेच्या सरहद्दीवर विनामालक जमीन कसून आपली करणारा वसाहतकरी. त्या जमिनीवर आधीपासून माणसे राहत होती, हे ही उपमा विसरते. उपमा सहज सुचत नसतात. लेखक कोठे उभा राहून बघतो आहे ते त्या सांगून जातात.

दुसरा आधार दानसंस्कृतीचा. डिस्कवरची जागा, नेटवर्क, संगणकाची शक्ती यांचा तुटवडा नाही. म्हणून येथे माणूस देतो आणि बरोबरीच्यांत प्रतिष्ठा मिळवतो. दान म्हटले की आम्ही सावध होतो. ते कोणी दिले यापेक्षा ते नाकारण्याचा अधिकार कोणाला होता, यावरून उतरंड कळते. आणि विपुलतेच्या या यादीत वेळ कोठे आहे? दिवसभर चाकरी करून रात्री पॅच लिहिणारा आणि कंपनीच्या पगारावर तो तपासणारा, हे बरोबरीचे कसे? महिनोनमहिने उत्तर आले नाही तर पहिल्याच्या रात्री वाया जातात. दुसऱ्याचा पगार चालू असतो.

लिनक्स फाउंडेशनच्याच अहवालांनुसार कर्नलमधील बिनपगारी लोकांच्या कामाचा वाटा २०१२ मध्ये १४.६ टक्के होता, तो २०१७ मध्ये ८.२ टक्क्यांवर आला. बाजार भरतो आहे, पण गाळे कंपन्यांचे. मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडचे सारे काम आपल्या अंतर्गत शाखेत नेण्याचे जाहीर केले. कोड प्रकाशित होत राहील, बाहेरच्याने करारावर सही करून पॅचही द्यावा. पण त्याच्या हाती कोड येईपर्यंत आतले लोक पुढे गेलेले असतात.

न पटल्यास वेगळी चूल मांडा, असे यावर सांगितले जाते. परवाना तशी मोकळीक देतो, हे खरे. परंतु फूट पाडण्याविरुद्ध या समाजात कडक रूढी आहे, हे रेमंड स्वतःच सांगतात. शिवाय एखाद्या ब्राउझरची वेगळी चूल पेटती ठेवायला शेकडो इंजिनिअर लागतात. ती मोकळीक ज्याच्याकडे पैसा आहे त्याची.

मात्र तपासणारा कंपनीचा म्हणून तो शत्रू, असे मानणाऱ्या आपल्या मित्रांनी एक्सझेड प्रकरण नीट वाचावे. असंख्य लिनक्स संगणकांवर असलेली ही लायब्ररी वर्षानुवर्षे एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता. थकलेल्या त्या माणसावर, दुसऱ्याला अधिकार दे, असा तगादा लावला गेला. दोन वर्षे निमूटपणे पॅच देणाऱ्या एका 'मदतनिसा'च्या हाती किल्ल्या गेल्या आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. रेमंड यांची दुसरी वाट, सोपवण्याची, येथे तंतोतंत चालली गेली! २९ मार्च २०२४ रोजी हे उघड केले ते अँड्रेस फ्रॉइंड यांनी. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी छडा लावला. ते मायक्रोसॉफ्टचे पगारी इंजिनिअर होते.

तेव्हा तपासणी नको, अशी आमची मागणी असू शकत नाही. तपासणी हेही श्रमच आहेत, आणि ते जड आहेत. एक्सझेड फुकट वापरणाऱ्या कंपन्यांनी त्या एकट्या माणसाच्या जोडीला पगारी तपासनीस दिला नाही. जेथे त्यांचा माल विकला जातो तेथे मात्र तपासनीस आहेत, आणि ते कंपनीला काय हवे ते आधी बघतात. पॅच नाकारला तर कारण लेखी मिळावे, ते ठरलेल्या मुदतीत मिळावे, आणि तपासणाऱ्यांत पगाराबाहेरची माणसे मताच्या अधिकाराने बसावीत, एवढे तरी मागता येते. देणारा एकेकटा आहे तोवर हे कोणी देणार नाही.