'नागरी समाज' म्हणजे कोण?

सरकारा-सरकारांतील करार हे आपले वाङ्मय नव्हे, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्या कागदावर 'जनतेचा सहभाग' असे लिहिलेले असते, तो कागद दलित वाचकाने कवितेइतकाच बारकाईने वाचला पाहिजे. २३ जून २००० रोजी बेनिनमधील कोटोनू येथे आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधील राष्ट्रे आणि युरोपीय संघ यांच्यात झालेला करार असाच एक कागद आहे. सरकारबाहेरच्या घटकांनाही भागीदारीत जागा दिली म्हणून त्याचे पुष्कळ कौतुक झाले.

त्याच्या सहाव्या कलमात ह्या घटकांची यादी आहे : खाजगी क्षेत्र, कामगार संघटनांसह आर्थिक व सामाजिक घटक, आणि राष्ट्रीय वैशिष्ट्यांनुसार सर्व रूपांतील नागरी समाज. मी अडलो तो 'राष्ट्रीय वैशिष्ट्यां'पाशी. आमचे राष्ट्रीय वैशिष्ट्य म्हणजे गावकूस! मॉरिटानियाचे काय? गुलामांचे वंशज असलेल्या हरातीन लोकांचा तो देश. गुलामगिरीविरुद्ध तेथे १९९५ मध्ये 'एसओएस एस्क्लाव' ही संघटना निघाली. तिला सरकारी मान्यता मिळाली २००५ मध्ये. म्हणजे मॉरिटानियाने कोटोनूला सही केली तेव्हा, ज्यांचा सहभाग सर्वांत निकडीचा होता त्यांची संघटना कायद्याच्या लेखी नव्हतीच. दाराशी कोण उभे राहणार हे घरमालकच ठरवतो, आणि वर दार उघडे असल्याचे सांगतो.

आपला अनुभव वेगळा नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटना तेथे गेल्या. स्वयंसेवी संघटनांच्या जाहीरनाम्यात जात आली. जात म्हणजे वंश नव्हे, हे भारत सरकारचे म्हणणे होते, आणि सरकारांच्या जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द आला नाही.

पण दरबान दूर राहिले. बारामतीचे पाहू. भाजीपाल्यासाठीचे इंडो-डच गुणवत्ता केंद्र तेथील कृषी विज्ञान केंद्रात आहे. हे केंद्र चालवणारी संस्था ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, स्थापना १९७१. दोन सरकारे आणि एक स्थानिक संस्था, अशी ही भागीदारी. तेथे शिकवले जाते त्याचा शेतकऱ्याला उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न 'शेतकरी' ह्या शब्दाविषयी आहे. आपल्याकडे शेतकरी म्हणजे ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो. हरितगृहाला जमीन लागते, पाण्याचा हक्क लागतो, बँकेत पत लागते. खुरपणी, बांधणी, तोडणी करणारी बाई शेतीतच मरते, तरी शेतकरी होत नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर-रत्नपुरीच्या मळ्यांवर ज्यांच्या पिढ्या राबल्या, ते कागदोपत्री मजूरच राहिले.

हे आपोआप घडलेले नाही. महारांची जमीन वतनाची, म्हणजे गावाच्या चाकरीला बांधलेली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ह्या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर ह्या भागात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी दोन पिढ्यांहून अधिक काळ फिरले होते. कालव्याखाली ज्यांची जमीन होती त्यांचा ऊस झाला, उसाचे साखर कारखाने झाले, कारखान्यांतून संस्था उभ्या राहिल्या. परदेशी पाहुण्याला 'नागरी समाज' म्हणून दाखवला जातो तो हाच. तो खोटा नाही. तो अर्धा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

म्हणून 'सहभाग' हा शब्द नाकारावा, असे मला वाटत नाही. आमच्यातले काही मित्र तसे म्हणतात. त्यातील अटी मात्र आपण घालाव्यात. भूमिहीनांचा प्रतिनिधी भूमिहीनांनी निवडावा, ट्रस्टने वा तहसीलदाराने नव्हे. नोंदणी नसलेल्या वस्तीलाही बोलता यावे. बैठक केंद्राच्या सभागृहात न होता वस्तीत व्हावी, आणि त्या दिवसाचा बायकांचा रोज कोण भरून देणार हे आधी लिहून घ्यावे, कारण रोज बुडवून चर्चेला येणे त्यांना परवडत नाही.