मेदाचा फुगा आणि ‘कृत्रिम पेशी’

‘प्रयोगशाळेत कृत्रिम पेशी तयार’ असा मथळा वृत्तपत्रात अधूनमधून झळकतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न येतो, “बाई, मग आता जीव बनवता येणार का?” अशा मथळ्यांमागच्या प्रयोगांपैकी एक आपण नीट तपासून पाहू. प्रयोग अव्वल दर्जाचा आहे. आमची तक्रार आहे ती त्याला दिल्या जाणाऱ्या नावाबद्दल, आणि त्यावरून घाईने काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल.

जर्मनीत म्युनिकजवळ मार्टिन्सरीड येथे माक्स प्लांक जीवरसायन संस्था आहे. तेथील पेट्रा श्विले यांच्या गटाने २०१८ साली मेदरेणूंच्या दुपदरी पटलाचे सूक्ष्म फुगे, म्हणजे पुटिका, तयार केल्या. आत भरले ते ई. कोलाय या जीवाणूतील मिन-डी आणि मिन-ई या दोन प्रथिनांचे द्रावण, आणि इंधन म्हणून एटीपी. मिन-डी एटीपी घेऊन पटलाला चिकटते. मिन-ई येऊन त्या एटीपीचे विघटन घडवून आणते आणि मिन-डी सुटते. सुटलेले मिन-डी नवा एटीपी घेऊन पुन्हा दुसरीकडे चिकटते. चिकटण्यासुटण्याच्या या चक्रातून प्रथिनांच्या लाटा उठतात. सपाट पटलावर त्या श्विले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवल्या होत्या. पुटिकेत मात्र लाटेबरोबर पटलही हलू लागले. गोल पुटिका डमरूसारखी होई, पुन्हा गोल होई, पुन्हा डमरू.

असे का व्हावे? मिन-डीचा एक लहानसा भाग पटलाच्या आतल्या पदरात पाचरीसारखा रुततो. एकाच पदरात अशा पुष्कळ पाचरी शिरल्या की दोन पदरांचा तोल बिघडतो आणि पटल वाकते. पटलाची जाडी जेमतेम ४-५ नॅनोमीटर, आणि वाकणारी पुटिका त्याच्या हजारो पट मोठी! पाठ्यपुस्तकातले पट्टीने आखलेले सरळ पेशीपटल पाहून मुलांना याची कल्पनाही येत नाही.

पण बातमीत गाळली जाणारी एक गोष्ट आहे. या पुटिका मुद्दाम सैल केलेल्या होत्या. बाहेरचे द्रावण आतल्यापेक्षा तीव्र ठेवले की पाणी परासरणाने बाहेर जाते आणि पटल ढिले पडते. वर्गात हे सहज दाखवता येईल. प्लास्टिकच्या दोन पिशव्या घ्या, एक पाण्याने गच्च भरा, दुसरी अर्धी भरून हवा काढून बांधा. बोटाने हळूच दाबा. कोणती वाकते?

ई. कोलाय ही गच्च भरलेली पिशवी आहे. आत दाब, पटलाबाहेर चिवट पेशीभित्तिका. तेथेही हीच प्रथिने साधारण मिनिटाभरात एका टोकाकडून दुसरीकडे आणि परत अशी फिरतात, पण जीवाणूचा आकार त्यामुळे डमरूसारखा होत नाही. त्यांचे काम निराळेच आहे. मिन-सी हे तिसरे प्रथिन मिन-डीला धरून फिरते आणि टोकांशी विभाजनाचे कडे बनू देत नाही. म्हणून कडे मध्यावर बनते. ही व्यवस्था बिघडली की जीवाणू टोकाशीच तुटतो आणि डीएनए नसलेल्या चिमुकल्या पेशी सुटतात. ‘मिनि’ पेशींवरूनच या प्रथिनांना ‘मिन’ हे नाव पडले. तेव्हा मिन प्रथिनांना पटल वाकवणे *जमते* हे पुटिकेने सिद्ध केले. जीवाणूत ती ते *करतात*, हे नाही.

हा फरक किती महाग पडतो ते एफटीएस-झेड या प्रथिनाच्या उदाहरणात दिसते. विभाजनाचे कडे याच प्रथिनाचे. २००८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात हॅरॉल्ड एरिक्सन यांच्या गटाने पटलाला चिकटेल असा बदल त्यात करून ते नळीसारख्या पुटिकांत भरले. कडी बनली, पुटिकांच्या कमरा आवळल्या. कडेच पेशी आवळते, असे म्हणायला मोठाच आधार मिळाला. परंतु २०१७ मध्ये ई. कोलायवर प्रत्यक्ष मोजमाप झाले, तेव्हा कमर आवळण्याचा वेग कड्यातील प्रथिनांच्या फिरण्यावर अवलंबून नाही असे आढळले. तेथे भित्तिका विणणाऱ्या विकरांचा वाटा मोठा दिसतो आणि कडे त्यांना जागोजागी फिरवते. पुटिकेत भित्तिकाच नव्हती, तेव्हा ही शक्यता तिच्यात दिसणार तरी कशी?

याचा अर्थ पुटिकांचे प्रयोग फुकट, असा कोणी घेऊ नये. जिवंत पेशीत हजारो प्रकारचे रेणू एकाच वेळी कामाला लागलेले असतात. त्यांतून दोनच बाजूला काढून ‘एवढ्याने भागते का?’ असे विचारण्याची सोय दुसरीकडे क्वचितच मिळते. फक्त त्यांना ‘पेशी’ म्हणण्याची घाई आम्हाला खटकते. हे फुगे खात नाहीत, वाढत नाहीत, आणि एटीपी संपले की थांबतात.

शेवटी आणखी एक प्रयोग. जर्मनीतच, पोट्सडामच्या गटाने २०२० मध्ये सैल पुटिकांवर बाहेरून जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन चिकटवले. पुटिकांचे डमरू झाले आणि मधली मान तुटून दोन वेगळ्या पुटिका झाल्या! या प्रथिनाचा पेशीविभाजनाशी काडीचाही संबंध नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात हा प्रयोग मिन प्रथिनांच्या प्रयोगाशेजारी ठेवावा आणि विचारावे: जीवाणूतून मिन-डी काढून टाकले तर काय होते, आणि हे हिरवे प्रथिन नसेल तर पेशींचे काय अडते? ते आपल्या पेशींत मुळातच नाही, आणि त्या विभागतातच.