दामाजीची पावती

दामाजीपंतांचे आख्यान आपण शिक्षक बहुधा भक्तीचा चमत्कार म्हणूनच शिकवितो. ज्या बीदरच्या दरबारी विठू महार पोहोचला असे ते सांगते, त्याच बीदरच्या परिसरात ते वाचताना आम्हांस निराळाच प्रश्न पडतो : दुष्काळात कोठारातील धान्य कोणाचे?

मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांनी हा प्रश्न कसून चर्चिला होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने मालकी आणि उपभोग यांत भेद केला. संपत्ती राखण्याचा व वाटण्याचा अधिकार व्यक्तीचा. उपभोग मात्र सर्वांच्या गरजेसाठी. प्राणांवर बेतले की सर्व वस्तू समाईक होतात. तेव्हा भुकेल्याने परक्याचे घेतले, किंवा त्याच्याकरिता दुसऱ्याने घेतले, तरी ती चोरी नव्हे, असा त्याचा निर्णय आहे. या न्यायाने दामाजी निर्दोष ठरतो. त्यास कोणाच्या साक्षीची गरज नाही.

महिपतींचा 'भक्तिविजय' १७६२ सालचा, म्हणजे बहमनी सत्ता लयास गेल्यानंतर दोन शतकांनी रचिलेला. म्हणून आख्यान इतिहास न मानता नीतिकथा या नात्याने तपासणेच युक्त. मंगळवेढ्याचे सरकारी कोठार दामाजी भुकेल्यांस खुले करतो. बादशहा त्यास पकडून आणवितो. परंतु तो पोहोचण्यापूर्वीच देव धान्याचे मोल खजिन्यात भरून पावती घेतो. दामाजी वाचतो, पण बादशहाची मालकीही अबाधित राहते. भुकेल्यांचा हक्क कथेने कोठेच मान्य केलेला नाही. त्यांच्या वाट्यास आली ती एका सज्जनाची दया.

तथापि कवीच्या पदरी एक मोठे श्रेय आहे. गावचा सारा खजिन्यापर्यंत पोहोचविणे हे महाराचे परंपरागत काम. देवास तेच रूप देऊन, ज्याचा कोठारात वाटा नव्हता त्याच्याच हातून कवीने कोठाराचे मोल चुकते केले. पंडिताने जे युक्तिवादाने साधले, त्याच्या निकट कवी रूपाने जातो. मात्र तेथेच थांबतो. देव अंतर्धान पावतो, आणि सारा वाहणारा खरा महार होता तेथेच राहतो.

करुणेच्या दृष्टीने हे आख्यान थोर आहे. न्यायाच्या दृष्टीने ते बिचकते. ते शिकविताना चमत्कारापाशी न थांबता, पावती मिळाली नसती तर दामाजी दोषी ठरला असता काय, हे विद्यार्थ्यांस अवश्य विचारावे, अशी आमची सूचना आहे.